गोवा मुक्तिदिन आणि घटक राज्य दिन एकच आहेत का?

नाही, दोन्हींमध्ये पंचवीस वर्षांहून अधिक अंतर आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज राजवट संपली, तो मुक्तिदिन. पण तेव्हा गोवा राज्य झालं नाही. दमण आणि दीवसह केंद्रशासित प्रदेश झाला.

मधला खरा पेच विलीनीकरणाचा. महाराष्ट्रात जायचं की वेगळं राहायचं, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. वेगळं राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मतं, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. म्हणजे फरक ३४ हजारांचा! (आमच्याकडे जुनी मंडळी यावर अजूनही हिरिरीने भांडतात.) तरी राज्याचा दर्जा मिळायला आणखी वीस वर्षं गेली. आधी भाषेचा वाद पेटला, फेब्रुवारी १९८७ मध्ये देवनागरी कोकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी कामकाजात स्थान मिळालं. मग ३० मे १९८७ रोजी गोवा देशाचं २५वं राज्य बनला. दमण-दीव केंद्राकडेच राहिले.

साजरं करण्याचं म्हणाल, तर १९ डिसेंबरला ध्वजवंदन, संचलन, सुट्टी असा थाट असतो. ३० मेला सरकारी सोहळा होतो, पण घरोघरी त्या दिवशी बहुधा पावसाळ्याची बेगमी चाललेली असते.