वाढदिवसाचा नाच आणि समोर मांडलेल्या खुर्च्या

म्युनिकहून एका आईचे पत्र आले आहे. त्यांच्या मुलीला मार्चमध्ये आठ वर्षे पूर्ण होतील, घर भाड्याचे आणि तिसऱ्या मजल्यावर आहे, आणि लेकीने यंदा ‘नाचाचा वाढदिवस’ मागितला आहे. त्या लिहितात, “काकू, दिवाणखान्यातला सोफा हलवून छोटेसे स्टेज करणार आहे. प्रत्येक मुलाने एक नाच बसवून आणायचा, पहिल्या तिघांना बक्षिसे द्यायची, आणि सगळ्यांच्या आईबाबांनाही बोलवायचे, म्हणजे टाळ्या वाजवायला माणसे असतील. गाणी कोणती लावू, दिवे कसे लावू, खायला काय करू, शेजाऱ्यांना काय सांगू, तेही कळवा.”

दोघांच्या नोकऱ्या, हाताशी ना आजी ना मावशी, आणि तरीही लेकीचा दिवस घरीच साजरा करायचा तुमचा निश्चय, हे सारे मला त्या पत्रात दिसते. जर्मनीत पंचवीस वर्षे काढल्यावर ही ओढाताण मला कोणी समजावून सांगावी लागत नाही. तरीही थोडी रागावणार आहे, कारण “टाळ्या वाजवायला माणसे असतील” हे तुमचे वाक्य मला मुळीच मान्य नाही.

आमच्या मुलीच्या आठव्या वाढदिवसाला मी हेच केले होते. आम्ही तेव्हा श्टुटगार्टला होतो. मंडळातल्या सात कुटुंबांना जेवायला बोलावले होते आणि गणेशोत्सवात तिने केलेला नाच जेवणाआधी पुन्हा करायला लावला होता. गाणे सुरू झाले आणि ती परकराची जरीची कड दोन्ही मुठींत धरून उभी राहिली. तिचे वडील कॅमेरा घेऊन गुडघ्यावर बसले होते आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून हातवारे करून तिला पुढची पावले दाखवत होते. पहिले कडवे संपायच्या आत ती न्हाणीघरात गेली आणि तिने आतून कडी लावून घेतली. बऱ्याच वेळाने दाराआडून एवढेच विचारले, “सगळे गेले का?”

पुढच्या वर्षी वाईहून माझ्या सासूबाई आल्या होत्या. वाढदिवसाला वर्गातल्या सहा मुली घरी आल्या, आणि काय खेळावे ते कोणालाच सुचेना, तेव्हा सासूबाईंनी पदर खोचला, एका जर्मन मुलीचे दोन्ही हात धरले आणि फुगडी घातली. एकमेकींची भाषा दोघींना येत नव्हती आणि त्यावाचून काही अडलेही नाही. सोफ्याच्या कडेला उभी राहून पाहणारी आमची मुलगी तिसऱ्या फेरीला आपणहून मध्ये आली. त्या संध्याकाळी टाळ्या वाजवायला कोणाचे हात मोकळेच नव्हते.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की लहान मुलांच्या घरच्या नाचाला प्रेक्षक ठेवू नयेत. आपल्याकडची रीत हीच आहे. आश्विनात हस्त नक्षत्रावर भोंडला मांडतात तेव्हा पाटावरच्या हत्तीभोवती मुली फेर धरतात, तोंडे आत, पाठी बाहेर. गाणाऱ्या त्याच आणि नाचणाऱ्याही त्याच. श्रावणातल्या मंगळागौरीच्या रात्री झिम्मा, पिंगा आणि फुगड्या चालतात, तिथेही बसलेली बाई थोड्या वेळाने उठून खेळात शिरतेच. कथक किंवा भरतनाट्यम वर्षानुवर्षे शिकणाऱ्या मुलीला रंगमंच हवा, त्याविषयी माझे दुमत नाही. पण तिथे मागे गुरू असतो आणि मोठी तयारी असते. तुम्ही पाहुण्या मुलांकडून ती तयारी वाढदिवसाच्या आमंत्रणाबरोबर मागत आहात, आणि वर तिघांना बक्षीस देऊन उरलेल्यांना रिकाम्या हाताने बसवणार आहात.

इथल्या रिवाजाचाच तुम्हाला आधार आहे. वाढदिवसाला आलेल्या शाळकरी मुलाला आईबाप दारात सोडतात आणि ठरल्या वेळी न्यायला येतात. बसून राहावे अशी कोणाची अपेक्षाच नसते. मराठी कुटुंबांना जेवायला बोलवायचे तर वेगळ्या संध्याकाळी बोलवा. मोबाइल केक कापताना एकदा बाहेर काढा आणि मग ठेवून द्या.

सुरुवात त्या मुलांना ठाऊक असलेल्या खेळांनी करा. ‘श्टॉपटान्झ’ म्हणजे गाणे थांबले की जागच्या जागी थिजायचे. मात्र हललेल्या मुलाला बाद करून कोपऱ्यात बसवू नका, त्याच्याकडे गाणे थांबवण्याचे काम द्या. वर्तमानपत्राच्या पानावर जोडीने नाचायचे आणि दर वेळी पानाची आणखी एक घडी घालायची, हा खेळही त्यांना येतो. मुले सैलावली की फुगडी शिकवा. गालिचा गुंडाळून ठेवा, कारण त्यावर पाय फिरत नाहीत, आणि लाकडी जमिनीवर मोजे घसरतात म्हणून सगळ्यांना अनवाणी करा. जोडी सारख्या उंचीची आणि वजनाची असावी. हातांची फुली करून घट्ट धरायचे, चवडे चवड्यांजवळ आणायचे, मागे झुकून हात ताणायचे आणि छोट्या पावलांनी फिरायचे. न सांगता हात सोडायचा नाही, हे आधीच दोनदा बजावा, आणि टेबलाचे कोपरे दूर सारून एका वेळी एकच जोडी फिरू द्या. बाकीच्यांनी भोवती फेर धरावा. टिपऱ्यांसाठी वर्तमानपत्राच्या घट्ट गुंडाळ्या करा, बोटांना लागत नाही. बसून उड्या मारायचा कोंबडा मात्र तिसऱ्या मजल्यावर नको, आणि लेझीमही उन्हाळ्यात बागेत वाढदिवस असेल तेव्हाच काढावी.

उरलेल्या प्रश्नांना फार जागा लागत नाही. गाणी मुलीलाच निवडू द्या. लुकलुकणारे दिवे आणू नका, त्यांचा अपस्माराच्या मुलांना त्रास होऊ शकतो. साधी माळ पुरे. शनिवारी तीन ते सहा ही वेळ धरा, रविवार इथे शांततेचा दिवस आहे, आणि जिन्यात आठवडाभर आधी तारीख व फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी लावा. केक इथल्यासारखा आल्या आल्या द्या, मग मिरची न घातलेले बटाटेवडे. रंगीत गोळ्यांच्या जेलीत बहुधा डुकराचे जिलेटिन असते, ते पाकिटावर वाचून घ्या. भेटी सर्वांसमोर उघडायच्या. आणि मार्चमधल्या त्या तारखेच्या आधीचा शनिवार धरू नका, कारण वाढदिवसाआधी शुभेच्छा देणे जर्मन लोक अशुभ मानतात.

आता तुमच्या पत्राच्या अगदी शेवटी, सहीच्या वर लिहिलेली ओळ. “तिला स्टेज नको आहे म्हणते, पण ऐन वेळी आवडेल.” तिने नाच मागितला होता आणि स्टेज नको हेही स्वच्छ सांगितले होते, इतके विचारून झाल्यावर मला पत्र लिहायची गरज नव्हती. आज घरी गेल्यावर तिला सांगा की स्टेज रद्द झाले आहे. फुगडी येत नसेल तर जेवणाआधी रोज पाच मिनिटे तुम्ही दोघीच अनवाणी घालून पाहा. तिची उंची कमी आहे, तेव्हा तुम्ही गुडघ्यांत वाका, आणि किती जोरात फिरायचे ते तिला ठरवू द्या.