अॅम्प्लिफायरचं बजेट वायरमध्ये घालू नका

प्रश्न : सर नमस्कार, मी साताऱ्याला असतो. बाबांचे जुने दोन बुकशेल्फ स्पीकर आहेत, मागे 8 ओहम, 86 डीबी लिहिलंय. त्यांचा अॅम्प्लिफायर जळाला, पार्ट मिळत नाहीत म्हणे. हॉल 12 बाय 14, मोबाईलवरूनच ऐकतो, जास्त करून जुनं नाट्यसंगीत आणि भीमसेन जोशींचे अभंग. सगळं मिळून 10 हजार आहेत. दुकानदार म्हणतो 200 वॅटचाच घ्या आणि वायर 450 रुपये मीटरवाली घ्या, नाहीतर आवाज खुलणार नाही. लांबच्या स्पीकरला 6 मीटर लागते, जवळच्याला 4. काय करू?

उत्तर : अहो, 10 मीटरचे साडेचार हजार म्हणजे जवळजवळ निम्मं बजेट तारेतच गेलं की! ती वायर घेऊ नका. साधी तांब्याची दीड स्क्वेअर एमएमची दोन कोरवाली वायर घ्या. हिशोब बघा, 6 मीटर जायची आणि 6 यायची अशी 12 मीटर तार, तिचा रेझिस्टन्स होतो साधारण 0.15 ओहम, आणि 8 ओहमच्या स्पीकरला 0.4 पर्यंत चालतं. हां, घरात पडलेली अर्ध्या स्क्वेअर एमएमची बारीक वायर मात्र नको, ती एवढ्या लांबीला त्या 0.4 च्या वर जाते.

खरी फसवणूक होते ती तांब्यात. मी स्वतः फसलोय, बंडलवर कॉपर लिहिलेलं आणि घरी येऊन स्क्रू आवळला तर तारा कटाकट तुटायला लागल्या, ब्लेडने एक तार खरवडली तर आत पांढरं, म्हणजे अॅल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा. म्हणून दुकानातच एक तार खरवडून बघा, आतपर्यंत लाल दिसली पाहिजे. पुण्याला येणं झालं तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ मीटरवर वायर कापून देतात.

आता वॅट. तुमच्या स्पीकरला 1 वॅट दिला की एक मीटरवर 86 डीबी आवाज येतो, 10 वॅटला 96, आणि वॅट दुप्पट केले की फक्त 3 डीबी वाढतात. तुमच्या हॉलमध्ये अभंग ऐकायला बहुतेक वेळ दोन-चार वॅटच लागतात, तान वर गेली की थोडे जास्त. 25-30 खरे वॅट असले की भरपूर झालं. खरे म्हणजे दर चॅनेलला (एकेका स्पीकरला), 8 ओहमवर, आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे वॅट. पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराचा फुगवलेला आकडा वाचूच नका.

क्लास डीचा (कमी गरम होणाऱ्या नव्या प्रकारचा) ब्लूटूथवाला छोटा अॅम्प्लिफायर घेणार असाल तर अॅडॉप्टर विचारा, सगळं त्याच्यावर आहे. 12 व्होल्टवर 8 ओहमला जेमतेम 8 वॅट निघतात, 24 व्होल्टचा दिला की तीसच्या आसपास जातात, आणि बॉक्सवर मात्र दोन्हीकडे 100 वॅट छापलेलं असतं, ते बहुतेक 4 ओहमवर आणि आवाज फाटण्याच्या टोकाला मोजलेलं. जुना मोठा अॅम्प्लिफायर मिळाला तरी चांगलंच, फक्त स्पीकर न जोडता, व्होल्यूम शून्यावर ठेवून, मल्टीमीटरने स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी व्होल्टेज बघा. 50 मिलीव्होल्टच्या वर असेल तर सोडून द्या, आत बिघाड असू शकतो, आणि तो वाढला तर बाबांचे स्पीकर जळू शकतात.

आणि जोडताना प्लस-मायनस! एका स्पीकरला उलटं झालं तर तबल्याच्या डग्ग्याचा घुमार गायब होतो. नाट्यसंगीताच्या जुन्या रेकॉर्डिंग बहुतेक मोनो असतात, म्हणजे दोन्ही स्पीकरला एकच आवाज, त्यात गायकाचा आवाज दोन स्पीकरच्या बरोब्बर मधून यायला हवा, पसरल्यासारखा वाटला की समजा एक उलटा आहे. वायरचा कुठला कोर कुठला ते कळत नसेल तर अॅम्प्लिफायरकडची टोकं सोडवून साध्या पेन्सिल सेलला क्षणभर टेकवा, स्पीकरचा कोन (पुढचा पडदा) बाहेर आला की सेलच्या प्लसला लागलेली तार ती प्लस.

प्रश्न : टोकांना सोल्डर मारू का? आणि दोन्ही वायर सारख्या लांबीच्या लागतात का?

उत्तर : सोल्डर नको, स्क्रूखाली ते हळूहळू दबतं आणि कनेक्शन ढिलं पडतं. तारा पिळून घट्ट बसवा, एकही केस बाहेर राहू देऊ नका, शेजारच्या टर्मिनलला लागला तर शॉर्ट. लांबी कमी-जास्त चालते, 4 आणि 6 मध्ये कानाला काही फरक कळत नाही. पण वायर वाचवायला दोन्ही स्पीकरचे मायनस एकत्र करून तीनच तारा नेऊ नका, क्लास डीच्या बऱ्याच अॅम्प्लिफायरमध्ये मायनसलाही सिग्नल असतो, अॅम्प्लिफायर उडू शकतो.