पऱ्यावर धरण टाकताय? आधी सांडवा दाखवा

प्रश्न: कोकणात लांज्याच्या बाजूला आमची ४ एकर जमीन आहे, मधून पऱ्या, म्हणजे ओढा जातो. गणपतीत दोन्ही तीर भरून वाहतो आणि संक्रांतीपर्यंत नुसते धोंडे उरतात. खाली नारळ-सुपारी, वर काजू. मुंबईची नोकरी संपवून यंदा गावी आलोय. जेसीबीवाला म्हणतो, आठवड्यात १० फूट उंच मातीचं धरण टाकून देतो. मे महिन्यात काम उरकलं तर पहिल्याच पावसात भरेल ना?

उत्तर: भरेल हो, मृगातच भरेल. प्रॉब्लेम त्यानंतरचा आहे.

हिशोब करून बघू. समजा वरच्या सड्यावरचं (कातळाच्या पठारावरचं) १२ एकराचं पाणी तुमच्या पऱ्याला येतं, म्हणजे साधारण ५ हेक्टर. १ हेक्टरवर १ मिलीमीटर पाऊस पडला की १० हजार लिटर पाणी होतं. आपल्याकडे सीझनला ३ हजार मिलीमीटर धरा, म्हणजे झाले १५ कोटी लिटर. अर्धं मुरलं म्हणा, तरी साडेसात कोटी उरतं आणि तुमच्या धरणात मावणार फार तर २०-२५ लाख. बाकीचं जाणार कुठून? जुलैत तासाला १०० मिलीमीटरची एखादी सर आली, आणि ती येतेच, तर भिजलेल्या कातळावर काही मुरत नाही, सेकंदाला १,४०० लिटरच्या आसपास पाणी खाली येतं. २०० लिटरची ७ पिंपं, दर सेकंदाला! ते मातीच्या बांधावरून एकदा वाहायला लागलं की बांध तासाभरात कापला जातो, आणि खाली कोणाची वाडी असेल तर पुढचं सांगायला नको. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, माणसं गेली. गळतीची तक्रार गावकरी आधीपासून करत होते, पण खापर फुटलं बांध पोखरणाऱ्या खेकड्यांवर.

जेसीबीवाल्याला एकच विचारा, सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, कुठे काढणार? "पाईप टाकू की" म्हणाला तर चहा पाजून पाठवून द्या. पाईपच्या अंगाने पाणी वाट काढतं ते वेगळंच. माझ्याच जागेत मी ही हौस करून बसलोय, ६ इंची पाईप टाकला, पहिल्या जोराच्या पावसात पाला अडकून चोंदला, सकाळी बांध नव्हता आणि शेजाऱ्याच्या भातखाचरात माझी माती. नुकसान भरून दिलं, बोलणी खाल्ली ती वेगळी.

तर पऱ्यात कायमचं मातीचं काही टाकू नका. पऱ्या तुमच्या जमिनीतून जात असला तरी नैसर्गिक ओढा कायद्याने सरकारचा, परवानगीशिवाय अडवता येत नाही, खालच्यांचा पाण्यावर हक्क असतो. आणि सातबारा काढून बघा, आपल्याकडे ४ एकराला २७ नावं निघतात, त्यातलं एक नेमकं काम सुरू झाल्यावर अंधेरीहून फोन करतं.

त्यापेक्षा पाऊस थांबला, पण धार चालू आहे अशा वेळी, नवरात्र ते दिवाळीच्या दरम्यान, वनराई बंधारा घाला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या माती-वाळूने भरायच्या, तोंड शिवायचं आणि विटा रचतात तसे सांधे चुकवत रचायच्या, मध्ये चिकणमाती ठेचून भरायची. ३-४ फूट उंची पुरे, ७-८ माणसं असली तर एका दिवसाचं काम. एक मोठा घालण्यापेक्षा उताराप्रमाणे थोड्या थोड्या अंतरावर ३ घाला, बागेच्या विहिरीला फरक पडतो. आणि मे संपायच्या आत गोण्या आठवणीने काढा, नाहीतर फाटून ते सगळं प्लॅस्टिक खाडीत जातं.

तळं हवंच असेल तर पऱ्याच्या बाजूला काढा आणि पाटाने पाणी घ्या. कायमचं पाणी घेणार असाल तर त्याचीही आधी विचारणा करा. तिथे बांध घालता येईल, पण १० फूट उंच बांध म्हणजे भिंत नव्हे. माथा १० फूट, आतला उतार ३ ला १ म्हणजे ३० फूट, बाहेरचा २ ला १ म्हणजे २० फूट, पायथा झाला ६० फूट! लोक गडग्यासारखं (दगडी कुंपणासारखं) चित्र डोळ्यासमोर ठेवतात आणि इथेच बजेट कोसळतं. वरची पालापाचोळ्याची माती आधी खरवडून काढा, मधोमध चर खणून चिकणमातीचा गाभा बसवा, माती ओलसर करून ६-६ इंचांचे थर रोलरने दाबा, जेसीबी वर फिरवला म्हणजे दाबलं असं होत नाही. सांडवा बाजूच्या मूळ कातळात, भरावात नाही. तळ्याला वरून वाहून येणारं पाणीही असेल तर त्याचा वरच्यासारखा हिशोब करा. तेवढ्याच १,४०० लिटरला २० फूट रुंद सांडवा असला तर पाणी त्यावरून फूटभर उंचीने निघून जातं, आणि बांध सांडव्यापेक्षा ३ फूट वर. बांधावर गवत लावा, काजू नको, मुळं मेली की पोकळ्या राहतात.

प्रश्न: आमच्याकडे सगळा जांभा. शेततळ्याला प्लॅस्टिक लागेलच का?

उत्तर: बहुतेक लागेलच, पण आधी ३ फुटी खड्डा खणून पाण्याने भरा. पहिलं पाणी कोरडी जमीन पितेच, दुसऱ्यांदा भरून २४ तासांनी काठी घालून मोजा. वीतभर उतरलं तर प्लॅस्टिकचा कागद घ्याच. खालचे टोकदार खडे वेचा, भाताचा पेंढा अंथरा, मग कागद. पावसाळ्यात तळं रिकामं ठेवू नका, खालचं पाणी कागदाला फुगा करून वर उचलतं. नुसती कलमं जगवायची असतील तर ४ बाय २ बाय १ मीटरचा खड्डा करा, ८ हजार लिटर मावतं, वरून नारळाची झापं (विणलेल्या झावळ्या) टाका. आणि एका कडेला काथ्याचा जाड दोर सोडून ठेवा, रात्री पाण्यावर आलेलं भेकर (छोटं हरीण) आत पडलं तर गुळगुळीत कागदावरून त्याला चढता येत नाही.