दिव्याचा डाव आणि दुसरा कागद

मागच्या अंकात नागपूरची बुद्धिबळपटू दिव्या देशमुख हिच्यावर चार ओळी काय लिहिल्या, टपालाचा ढीग पडला. काहींना तिचे डाव समजून घ्यायचेत, काहींना आपल्या पोरीला दिव्या करायचंय, आणि एका गृहस्थांनी तर तिची कुंडली मागितली आहे. ती माझ्याकडे नाही. मी नागपूरचाच, स्पर्धांमध्ये पंच म्हणून बसतो आणि संध्याकाळी पोरांना शिकवतो. दिव्याशी किंवा तिच्या घरच्यांशी माझी ओळख नाही, हे आधीच सांगून टाकतो. तिचे छापून आलेले डाव पटावर मांडतो, त्यातून जे दिसतं तेवढंच बोलतो.

बातम्यांत दर वेळी “आक्रमक खेळाडू” असं लिहितात. बुद्धिबळात हाणामारी तर नसते, मग आक्रमक म्हणजे नेमकं काय? (एक गृहिणी, अकोला)

ताई, बरं झालं विचारलंत. हा शब्द पेपरवाल्यांनी पार गुळगुळीत करून टाकलाय. आक्रमक म्हणजे राजावर धावून जाणारा, त्यासाठी प्यादं-मोहरं सोडायला तयार असणारा. लहान वयातल्या दिव्याला हे लागू होतं, अजूनही थोडंफार होतं. पण तिची सगळ्यांत मोठी स्पर्धा उघडून बघा.

जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिलांचा विश्वचषक झाला. उपांत्य फेरीत समोर चीनची तान झोंगयी, माजी विश्वविजेती. पहिला डाव बरोबरीत सुटला. दुसऱ्यात दिव्याकडे पांढरी मोहरी. तिनं राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं, तानने सिसिलियन बचाव घेतला, म्हणजे वजिराच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं टाकलं. इथं धसमुसळ्या खेळाडूला घोडा काढून पटाचा मध्य फोडायची घाई असते. दिव्यानं काय केलं? वजिराच्या उंटापुढचं प्यादं फक्त एक घर सरकवलं. याला ॲलापिन म्हणतात. वजिरापुढचं प्यादं पुढे टाकायचं, समोरच्यानं ते मारलं तर आपणही प्याद्यानंच मारायचं, म्हणजे मध्य आपल्या हातात राहतो, एवढाच हिशेब. त्यात आपल्याच घोड्याचं हक्काचं घर अडतं, ते सोसायचं. पुष्कळ जण या चालीला मिळमिळीत म्हणतात, माझ्या वर्गातली पोरं तर तोंडावर म्हणतात.

त्या मिळमिळीत चालीतून निघालेला डाव १०१ चाली चालला. मध्ये दिव्याच्या हातातून तो निसटल्यासारखाही झाला. त्या स्पर्धेत पहिल्या ४० चालींना ९० मिनिटं, पुढच्या डावाला ३० मिनिटं आणि प्रत्येक चालीमागे ३० सेकंद जादा असा वेळ होता. मांडून बघा: १०१ चालींना एकेकीच्या वाट्याला १७० मिनिटं येतात. म्हणजे सगळा वेळ वापरला तर साडेपाच तासांच्या वर.

आता पंच म्हणून एक बारीक गोष्ट सांगतो, कारण टीव्हीवर ती दिसत नाही. चालीमागे ३० सेकंद मिळत असतील तर खेळाडूला शेवटपर्यंत प्रत्येक चाल लिहावी लागते. घड्याळात अर्धं मिनिट उरलं तरी सुटका नाही. चालींच्या कागदावर साधारण साठेक ओळी असतात. त्या भरल्या की खेळाडू हात वर करतो आणि आम्ही दुसरा कागद नेऊन देतो. मी पाहिलंय, दुसऱ्या कागदावर बहुतेकांचं अक्षर बदलतं. ओळी चुकतात, घोड्याच्या जागी उंट लिहिला जातो, पुष्कळ जण तर कागद घेता घेताच समोरच्याकडे बघून बरोबरीसाठी हात पुढे करतात. दिव्या दुसऱ्या कागदाची खेळाडू आहे. मला विचाराल तर तिची खरी ओळख ही. हल्ला चढवणारे पैशाला पासरी मिळतात.

नॉर्म, रेटिंग वगैरे लागतं म्हणतात. मग दिव्या एकदम ग्रँडमास्टर कशी झाली? वशिला तर नाही ना? (निवृत्त शिक्षक, सातारा)

नाही हो सर, नियम आहे. ग्रँडमास्टर हा बुद्धिबळातला सगळ्यांत मोठा किताब. नेहमीची वाट अशी: तोडीच्या खेळाडूंपुढे २६०० रेटिंगच्या (रेटिंग म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा आकडा) दर्जाची कामगिरी, म्हणजे नॉर्म, तीनदा करायची आणि रेटिंग कधीतरी २५०० ला न्यायचं. दुसरी वाट म्हणजे काही ठरावीक स्पर्धा जिंकायच्या. महिलांचा विश्वचषक त्यांपैकी एक. बाटुमीला गेली तेव्हा दिव्याच्या नावावर ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता, आणि मानांकनात ती पंधरावी होती. येताना भारताची ८८ वी ग्रँडमास्टर होऊन आली. महिलांमध्ये हम्पी, हरिका आणि वैशालीनंतर चौथी. शिवाय कँडिडेट्स स्पर्धेचं, म्हणजे जगज्जेतीला आव्हान कोण देणार ते ठरवणाऱ्या स्पर्धेचं तिकीट.

वशिल्याचं म्हणाल, तर वाटेत कोण कोण होतं ते वाचा: दुसरं मानांकन असलेली चीनची झू जिनेर, आपली हरिका द्रोणवल्ली, मग तान झोंगयी आणि अंतिम फेरीत कोनेरू हम्पी. असला वशिला शत्रूलाही लागू नये.

अंतिम सामन्यात हम्पीनं चूक केली म्हणून दिव्या जिंकली, असं आमच्या ग्रुपवर चाललंय. तुमचं मत? (महाविद्यालयीन विद्यार्थी, नाशिक)

मित्रा, समोरच्यानं चूक केल्याशिवाय बुद्धिबळात कोणी जिंकतच नाही. दोघंही बिनचूक खेळले तर बरोबरी. त्यामुळे “चूक केली म्हणून” हे वाक्य तुमच्या ग्रुपनं रद्द करावं.

तरी सामना नीट बघण्यासारखा आहे. पहिल्या मोठ्या वेळेच्या डावात पांढऱ्या मोहऱ्या घेऊन दिव्याला चांगली संधी आली होती, ती तिनं घालवली. बरोबरी. दुसराही बरोबरीत. मग २८ जुलैला रॅपिड, म्हणजे कमी वेळेचे डाव, प्रत्येकी १५ मिनिटं आणि चालीमागे १० सेकंद. पहिला रॅपिड डाव पुन्हा बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी.

इथं समोर कोण बसलंय ते लक्षात घे. हम्पी २००२ मध्ये ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. ती डिसेंबर २००५ ची. आणि रॅपिड हा तर हम्पीचा घरचा प्रांत. २०१९ आणि २०२४, दोनदा ती या प्रकारात जगज्जेती. म्हणजे अनुभव, वेळेचा प्रकार आणि मोहऱ्यांचा रंग, तिन्ही गोष्टी दिव्याच्या विरुद्ध. त्या डावात दोघींनीही चुका केल्या. दिव्याकडे डाव आला, घसरला, पुन्हा आला. घड्याळ खाली आलं की पटावर हेच होतं, जगज्जेत्यांचंही होतं. फरक कुठे पडला? आपली संधी हुकल्यावर पुढच्या चालीवर तिचा परिणाम होऊ द्यायचा नाही, हे त्या दिवशी एकोणीस वर्षांच्या पोरीला जास्त जमलं. हरल्यावर हम्पीनं ज्या शांतपणे हात मिळवला आणि नंतर दिव्या आईच्या गळ्यात पडून रडली, ते सगळ्यांनी पाहिलंच आहे.

हम्पीला नावं ठेवू नका. भारतातल्या पोरींना हा रस्ता तिनं दाखवला आहे.

माझी मुलगी आठ वर्षांची आहे, तिला बुद्धिबळ आवडतं. दिव्यासारखं करायचं तर शाळा सोडवून पूर्णवेळ घालू का? खर्च किती येतो? (एक वडील, वर्धा)

दादा, आधी शाळा राहू द्या.

दिव्याची गोष्ट अशी. आईवडील दोघं डॉक्टर. मोठी बहीण बॅडमिंटन खेळायची. ही पाच वर्षांची, तिथं फारच लहान पडायची, म्हणून जवळच्या बुद्धिबळाच्या वर्गात बसवली. नागपूरच्या राहुल जोशी सरांनी पाया घातला. २०२० मध्ये ते गेले, तरणाताठा माणूस. २०१२ मध्ये ती सात वर्षांखालची राष्ट्रीय विजेती, २०१४ मध्ये डर्बनला दहा वर्षांखालची जगज्जेती, २०१७ मध्ये ब्राझीलला बारा वर्षांखालची. पुढे श्रीनाथ नारायणनसारखे ग्रँडमास्टर शिकवायला आले. या प्रत्येक ओळीमागे विमानाची तिकिटं, हॉटेलं, प्रशिक्षकांची फी आणि आईची सुट्टी आहे. आकडा मी सांगत नाही, कारण तो घराघराप्रमाणे बदलतो. पण जिल्हा पातळी ओलांडली की साध्या पगारात ओढाताण होते, हे खरं. विश्वचषकानंतर महाराष्ट्र सरकारनं तीन कोटी दिले, चांगलंच केलं. ते पैसे जिंकल्यावर आले. दहा वर्षांच्या पोरीला परदेशी पाठवताना बापानं कोणाकडे बघायचं, हा प्रश्न तिथंच आहे.

तुम्ही एवढंच करा. पुढच्या स्पर्धेत मुलगी हरली की दारातच “काय झालं गं?” असं विचारू नका. तिचा चालींचा कागद मागा. रात्री जेवणानंतर पट मांडून तिनं तो डाव आपणहून पुन्हा लावला, तर तिच्यात काहीतरी आहे. कागद गिचमिड असेल आणि पट बघायलाही नको वाटत असेल, तर वर्षभर नुसतं खेळू द्या. तेही वाईट नाही.

मुलींसाठी वेगळ्या स्पर्धा कशाला? बुद्धिबळात ताकद थोडीच लागते! आणि दिव्या गोव्यात लगेच का हरली? (वय १३, फोंडा)

बाळा, तुझा प्रश्न मोठ्यांपेक्षा बरा आहे. ताकद लागत नाही, पण सराव, प्रवास आणि जोडीला माणसं लागतात, आणि ती मुलींना आजवर कमी मिळाली. वेगळ्या स्पर्धांमुळे त्यांना बक्षिसं आणि आमंत्रणं मिळतात. म्हणून त्या असाव्यात, आणि जमेल तिनं दोन्हीकडे खेळावं. दिव्या खेळतेच. विश्वचषकानंतर ती समरकंदला ग्रँड स्विसच्या खुल्या गटात उतरली आणि तिथं जगज्जेत्या गुकेशला बरोबरीत रोखलं. मग नोव्हेंबरात तुमच्या गोव्यात खुला विश्वचषक झाला. त्यात ती एकटी मुलगी. पहिल्याच फेरीत ग्रीसच्या कुरकुलोस-आर्दितिसनं तिला दोन्ही डावांत हरवलं. बादफेरीत दोन दिवस वाईट गेले की बॅग भरायची, त्यात “का” असं फारसं नसतं.

आणखी एक. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या विक आन झेला खेळून आल्यावर तिनं जाहीर लिहिलं होतं की प्रेक्षक डावाबद्दल कमी आणि केस, कपडे, उच्चार यांबद्दल जास्त बोलतात. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. त्याच वर्षी जूनमध्ये गांधीनगरला ११ पैकी १० गुण घेऊन ती वीस वर्षांखालची जगज्जेती झाली, आणि सप्टेंबरात बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये, म्हणजे देशोदेशींच्या संघांच्या स्पर्धेत, तिसऱ्या पटावर ११ पैकी साडेनऊ. संघाला सुवर्ण, तिला स्वतःला वेगळं सुवर्ण. त्या संघाचे कर्णधार पुण्याचे अभिजित कुंटे होते.

दिव्याआधी मराठी मुली खेळायच्या का? (एक आजी, डोंबिवली)

आजी, वा! खाडिलकर भगिनी विसरलात का? वासंती खाडिलकर १९७४ मध्ये पहिल्या महिला राष्ट्रीय विजेत्या. रोहिणी १९८१ मध्ये आशियाई विजेत्या. नंतर भाग्यश्री साठे-ठिपसे, सांगलीच्या स्वाती घाटे. दिव्यानं राष्ट्रीय विजेतेपद दोनदा मिळवलं, त्यातलं एक कोल्हापुरात. नागपूरचं म्हणाल तर रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता हे दोघं तिच्याआधीच ग्रँडमास्टर झालेत.

इंग्रजी समालोचन डोक्यावरून जातं. दिव्याचे डाव बघायचे तर कसे बघू? (निवृत्त एसटी कर्मचारी, बेळगाव)

काका, समालोचन बंद ठेवा. आणि बाजूला काळ्या-पांढऱ्या रंगाची पट्टी वरखाली होते ना, कोण पुढे आहे ते सांगणारी, तिच्यावर कागद चिकटवा. ती बघत बसलं की आपणही शहाणे झाल्यासारखं वाटतं आणि शिकत काहीच नाही. नातवाकडून तानबरोबरच्या त्या डावाच्या चाली उतरवून घ्या, लाकडी पट काढा आणि एका दिवशी वीसच चाली लावा. दिव्याची चाल यायच्या आधी थांबून आपली चाल वहीत लिहा. चाळिसाव्या चालीपर्यंत आलात की मला कळवा, तिथून पुढचं या सदरात बोलू.