सात-आठमध्ये गेलेली पानं लक्षात राहत नाहीत, काय करू?

मुलं बाहेरगावी गेल्यापासून घरात दोघंच असता, यजमानांनी सात-आठ हा दोघांचा पत्त्यांचा खेळ शिकवला, नियम कळले, पण गेलेली पानं डोक्यात राहत नाहीत आणि हात कायम कमी पडतात, असं तुम्ही लिहिलंय. मीही बरोबर इथेच अडकले होते. आमच्याकडे पूर्वी चौघांत मेंढीकोट रंगायचा. सासरे गेले, दीर बदली होऊन गेले, आणि दुपारी पत्त्यांचा कॅट घेऊन सासूबाई आणि मी अशा दोघीच उरलो. सात-आठ मला त्यांनी शिकवलं.

इतर वाचणाऱ्यांसाठी खेळ थोडक्यात सांगते. दुर्रीपासून छक्कीपर्यंतची सगळी पानं आणि चौकट व किलवरच्या सत्त्या बाजूला काढायच्या. उरतात 30 पानं, प्रत्येकाला 15. पहिली पाच पानं हातात आली की न वाटणारा हुकूम, म्हणजे बाकीच्या रंगांना मारणारा रंग, सांगतो. त्याला आठ हात करायचे असतात, वाटणाऱ्याला सात (दोघांच्या एकेका पानाची फेरी जिंकली की एक हात). पहिली उतारी, म्हणजे पहिलं पान टाकणं, हुकूम सांगणाऱ्याची. रंग असेल तर रंगच द्यायचा, नसेल तर हुकूम मारा नाहीतर दुसरं पान टाका.

आता तुमची अडचण. गेलेली पानं लक्षात ठेवायचा प्रयत्न आधी सोडून द्या. मीही महिनाभर ते करत होते आणि दर डावात सहाव्या-सातव्या हाताला गोंधळायचे. मग एकदा आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "अगं, माझी पानं कशाला शोधतेस? तुझी नीट बघ, तुझ्याकडे नाहीत ती माझीच." दोघांत 30 च्या 30 पानं वाटली जातात, बाहेर एकही राहत नाही. म्हणजे डाव सुरू होण्याआधीच समोरची सगळी पानं तुम्हाला कळलेली असतात!

यासाठी एकच गोष्ट पाठ करा: इस्पिक आणि बदाम आठ-आठ पानांचे, किलवर आणि चौकट सात-सात. पानं रंगवार लावली की मनात वजाबाकी करायची. समजा, तुमच्याकडे इस्पिक 5, बदाम 4, किलवर 4, चौकट 2 आहेत. मग समोर इस्पिक 3, बदाम 4, किलवर 3, चौकट 5. बेरीज 15 आली, म्हणजे हिशेब बरोबर. पुढे फक्त हे चार आकडे सांभाळायचे: समोरून त्या रंगाचं पान पडलं की एक कमी. एक्का-राजा-राणीपैकी आपल्याकडे कोण नाही तेवढं सुरुवातीलाच बघून ठेवायचं. आठवडाभर तोंडाने पुटपुटत मोजलंत तरी चालेल, मी मोजायचे.

हुकूम सांगताना नवीन माणूस चित्रांना भुलतो. पहिल्या पाचांत चौकट एक्का-राजा आले आणि इस्पिकची एक्का, नव्वी, अठ्ठी अशी तीन पानं आली, तर मी इस्पिकच सांगेन. इस्पिकची पाच पानं अजून बाहेर आहेत. उरलेल्या 25 पानांतली 10 तुम्हाला मिळणार, म्हणजे सरासरीने आणखी दोन इस्पिक येतील. तुमचे पाच हुकूम, समोर तीन. तीनदा हुकूम उतरलात की समोरचे संपले, आणि तुमच्या हातात उरलेले दोन हुकूम कितीही बारीक असले तरी ते दोन हात तुमचेच. चौकट सांगितलीत तर हाच हिशेब चारास तीन होतो.

खरी मजा मात्र शेवटच्या चार-पाच पानांत आहे. एक डाव मला अजून जसाच्या तसा आठवतो. हुकूम इस्पिक. तीन-तीन पानं उरलेली. माझ्याकडे इस्पिक राणी, बदाम दश्शी, बदाम अठ्ठी. आईंकडे इस्पिक राजा, बदाम नव्वी, चौकट एक्का. उतारी माझी, आणि मला आणखी दोन हात हवे होते. मी घाईने राणी उतरले. राजाने ती खाल्ली, पाठोपाठ चौकट एक्का आला, माझ्याकडे ना चौकट ना हुकूम. शेवटी दश्शीचा एकच हात मिळाला. आठाच्या जागी सात.

आईंनी पानं गोळा केली नाहीत. तीच सहा पानं पुन्हा मांडली आणि म्हणाल्या, "आता दश्शी उतर." त्यांना नव्वी द्यावी लागली, एक हात माझा. "आता अठ्ठी." त्यांचे बदाम संपलेले. राजाने अठ्ठी मारावी, तर पुढे चौकट एक्क्यावर माझी राणी हुकूम म्हणून बसते. न मारता एक्का टाकावा, तर अठ्ठीचाच हात होतो. कसंही केलं तरी माझे दोन! एवढ्याशा अठ्ठीने राजाची कोंडी होते हे बघून मी थक्क झाले. त्या दिवसापासून मी शेवटची पानं टाकण्याआधी थांबायला लागले. तुम्हीही हरलेल्या डावाची शेवटची पानं पुन्हा मांडून बघा, यजमानांनाही मांडायला लावा. सगळ्यात जास्त शिकणं तिथे होतं.

काही घरांत पाच पानं हातात, पाच जमिनीवर उपडी आणि त्यांवर पाच उघडी असं खेळतात. तो प्रकारही छान आहे, पण उपडी पानं दोघांनाही दिसत नसल्याने वजाबाकी अर्धवट राहते. शिकताना 15 पानं हातातच घ्या. इतकी पानं पंख्यासारखी धरता येत नसतील तर समोर उशी उभी करून तिच्याआड मांडा, आई तसंच करायच्या.

आणि हात ओढण्याबद्दल. मागच्या डावात ज्याचे ठरलेल्यापेक्षा जितके हात जास्त झाले तो पुढच्या डावात तेवढी पानं समोरच्याच्या हातातून न बघता ओढतो आणि बदल्यात आपल्याला नको ती देतो. तुमची पाळी येईल तेव्हा नुसतं बारीक पान बघून देऊ नका. हुकूम सोडून ज्या रंगाचं तुमच्याकडे एकुलतं एक बारीक पान असेल ते द्या. तो रंग हातातून गेला की समोरून त्याचा एक्का जरी उतरला, तरी तुमच्या हुकुमाच्या सत्तीनेही तो मारता येतो.