समोरचा तांब्या का जमत नाही

तुम्ही लिहिलंय, की वर्षभर व्हिडिओ बघून जलरंगातली निसर्गचित्रं छान उतरतात, पण टेबलावर साधा तांब्या ठेवून काढायला बसलं की तो वाकडाच येतो. मग चाळिशीनंतर क्लास लावल्याशिवाय चित्रकला येतच नाही का?

येते. कोल्हापूरचे चित्रकार आणि चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटर (1890–1954) कुठल्याही कलाशाळेत शिकले नव्हते; आनंदराव पेंटरांबरोबर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत त्यांचा हात तयार झाला. तुमचाही हात तयार झालाय, डोळा मात्र अजून बसलेला नाही. व्हिडिओत कुठली रेघ घ्यायची, कुठली सोडायची हे दुसऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. तांब्यासमोर ते तुम्हालाच ठरवावं लागतं.

तेव्हा थोडे दिवस रंग बाजूला ठेवा आणि तांब्याच काढा. खिडकीजवळ, उजेड एकाच बाजूने येईल असा ठेवा. कागदावर मधोमध हलकी उभी रेघ मारा. मग हात ताठ करून, एक डोळा मिटून, समोर पेन्सिल धरा आणि तिच्यावर अंगठा सरकवून माप घ्या: पोटाची रुंदी उंचीच्या किती आहे? कोपर वाकलं की माप बदलतं, म्हणून हात ताठच हवा.

खरी गोम तोंडाच्या आणि बुडाच्या कडेत आहे. तोंड गोल आहे हे आपल्याला माहीत असतं, म्हणून ते फार उघडं काढलं जातं. तांब्या टेबलावर सपाट बसलाय हेही माहीत असतं, म्हणून बूड सरळ रेघेत जातं. दिसतं वेगळंच. तांब्या उचलून डोळ्यांच्या पातळीवर धरा, तोंडाची नुसती रेघ दिसेल. हळूहळू खाली न्या, ती रेघ लंबगोल होऊन उघडत जाईल. बूड तोंडापेक्षा आणखी खाली असतं, म्हणून त्याची कड जास्त गोलाईने वळते. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत की कप, बादली, विहिरीचा काठ, सगळीकडे तेच सापडेल.

चित्र तांब्याशेजारी उभं करून मागे सरका, किंवा आरशात बघा. तिथे तिरकेपणा चटकन डोळ्यात भरतो. चूक खोडत बसू नका. शेजारी दुसरा तांब्या काढा, म्हणजे आधीचा आणि नंतरचा ताडून बघता येतो. यासाठी साधा स्वस्त कागद आणि 2बी, 6बी अशा मऊ, गडद उठणाऱ्या पेन्सिली पुरेत.

मग उजेड-सावली. डोळे बारीक करून बघा: नक्षी, पोचे, चमक विरून गडद-फिकटाचे दोन-तीन मोठे तुकडे उरतात. तेवढेच भरा. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र आहे. जमेल तेव्हा त्याच्यासमोर उभं राहून डोळे बारीक करा. एका दिव्याचा उजेड चेहऱ्यावरून साडीवर कसा कमी होत जातो, ते बघण्यासारखं आहे.

रंगाकडे परत याल तेव्हा एकच घ्या, बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी चालेल, आणि त्यातच तांब्या रंगवा. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, त्यामुळे ओला असताना थोडा जास्त गडद वाटला पाहिजे. पैसे रंगांच्या मोठ्या पेटीपेक्षा कागदावर घाला: 300 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन; आकडा मोठा तेवढा कागद जाड). ड्रॉइंग वहीचा पातळ कागद पाण्याने फुगतो, वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर, डागाळतो आणि दोष उगीच हाताला लागतो. पावसाळ्यात वॉश वाळायला वेळ घेतो, मे महिन्यात ब्रश टेकवेपर्यंत वाळून कडेला ठळक रेघ धरतो. तेव्हा पाणी हवामान बघून घ्या.

पुढच्या वेळी चित्रासोबत तांब्याचा फोटोही पाठवा. फोटो तुम्ही बसता त्या जागेवरून, डोळ्यांच्या उंचीवरूनच घ्या, नाहीतर लंबगोल जुळणार नाहीत आणि नेमकं कुठे अडतंय ते मला सांगता येणार नाही.