मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने भाषाविज्ञानाच्या नेट परीक्षेची तयारी कशी करावी?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत : मराठी विषयात बी.ए. करून आता भाषाविज्ञानाच्या एम.ए.ला असताना नेटसाठी (महाविद्यालयात शिकवण्याच्या पात्रता परीक्षेसाठी) कोणती पुस्तके वाचावीत, रोज किती तास द्यावेत, आणि मराठी माध्यमाचा तोटा होतो का. यांतला तिसरा प्रश्न मी आधी घेते, कारण एम.ए.च्या पहिल्या वर्षी तो मलाही ऐकावा लागला होता, आणि ज्यांनी ऐकवला त्यांनी उत्तरही परस्पर ठरवून टाकले होते.

तोटा होत नाही. प्रश्नपत्रिका मराठीत नसते हे खरे असले तरी माध्यमाची अडचण पारिभाषिक संज्ञांपुरती असते, आणि नेमाने इंग्रजी पाठ्यपुस्तक वाचणाऱ्या विद्यार्थ्याची ती एखाद्या सत्रात दूर होते. मराठी विद्यार्थी मागे पडतो तो निराळ्याच कारणाने. तो सिद्धान्त शिकतो, पुस्तकात दिलेली तुर्की आणि स्वाहिलीची उदाहरणे पाठ करतो, आणि जी भाषा तो जन्मापासून बोलत आला आहे तिच्याकडे अभ्यासाची सामग्री म्हणून एकदाही पाहत नाही. हे त्याला कोणीतरी शिकवलेले असते. मला ते शिकवण्याचा प्रयत्न कसा झाला हे सविस्तर सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचे माझ्यापुरते खरे उत्तर त्यातच आहे.

मी मिरजेची. माझे आजोळ गावातच, आणि आजोळचे घर कन्नड बोलणाऱ्या जैन कुटुंबाचे. आजी घरात कन्नड बोलत असे, शेजारच्या घरांतून उर्दू ऐकू येत असे, आणि अंगणाबाहेर पाऊल टाकले की सगळ्यांची मराठी सुरू होत असे. शाळेत गेल्यावर या मराठीला ‘अशुद्ध’ हे विशेषण लागले आणि ते बी.ए. होईपर्यंत सुटले नाही. एम.ए.ला आले तेव्हा आमच्या विभागात एक वरिष्ठ विद्यार्थी होते, ज्यांच्या टिपणांच्या छायाप्रती वर्गभर फिरत असत. त्यांचे मत स्पष्ट होते : भाषाविज्ञान हा मुळात इंग्रजीतला विषय आहे, मराठीतून आलेल्यांनी व्याख्या आणि सनावळ्या पाठ कराव्यात, तेवढ्यावर पात्रता मिळते, आणि गावाकडच्या बोलीचा या परीक्षेशी काही संबंध नाही.

त्याच वर्षी भाषासंपर्काच्या, म्हणजे शेजारी नांदणाऱ्या भाषांचा एकमेकींवर काय परिणाम होतो याच्या, घटकात कुपवाडचे नाव आले. सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेच्या नावात असलेले तेच कुपवाड, जिथून आमच्याकडे पाहुणे येत असत. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांचा या गावावरील शोधनिबंध 1971 मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून भाषासंपर्कावरील पाठ्यपुस्तकांत तो सतत उद्धृत होत आला आहे. त्यांनी मांडलेली गोष्ट थोडक्यात अशी की, या गावात कन्नड, उर्दू आणि मराठी (आणि काही घरांत तेलुगू) शेकडो वर्षे शेजारी नांदल्या, घराघरांनी आपापली भाषा सोडली नाही, शब्द वेगळे राहिले, परंतु वाक्यरचना एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या की एका भाषेतील वाक्य घटकामागून घटक ठेवत दुसरीत नेता येते. ‘पाला जरा कापून घेऊन आलो’ हे मराठी वाक्य आणि ‘पाला जरा काट के ले के आया’ हे तिथले उर्दू वाक्य शेजारी ठेवून पाहा. कन्नड वाक्यही त्याच क्रमाने जाते. प्रमाण कन्नडमध्ये ‘हे तुमचे घर’ एवढे म्हटले की वाक्य पूर्ण होते, ‘आहे’ची गरज नसते, कुपवाडच्या कन्नडमध्ये मात्र शेवटी क्रियापद येते, जसे मराठीत आणि उर्दूत येते.

ते वाचल्यावर दिवाळीच्या सुट्टीत मी वही घेऊन आजीजवळ बसले. तिला नियम विचारायचे नाहीत, वाक्ये बोलून घ्यायची, एवढे शिक्षण तोवर झाले होते. घर कोणाचे, शेत कोणाचे, हा कोण, ती कोण, अशी वाक्ये ती बोलत गेली आणि त्यांतल्या कित्येक वाक्यांच्या शेवटी ‘ऐती’, म्हणजे ‘आहे’, होते. मी थांबवून विचारले की हे ‘ऐती’ गाळून चालेल का, तर ती म्हणाली की चालेल, पण आपल्यात असे तुटक बोलत नाहीत. शेजारच्या चाचींकडून मी उर्दू वाक्ये घेतली. त्यात ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’ असा मराठीतला भेद त्यांच्या उर्दूत नीट पाळला जात होता, जो दिल्ली-लखनौच्या उर्दूत नाही. आजी कुपवाडची नव्हती, त्यामुळे त्या निबंधाचा पडताळा मी घेतला असा माझा दावा नाही. परंतु भाषाक्षेत्र (वेगवेगळ्या कुळांतील भाषा शेजारामुळे एकमेकींसारख्या झालेला प्रदेश) म्हणजे काय, भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी 1956 मध्ये भारताला भाषाक्षेत्र का म्हटले आणि एका कुळातील भाषेचे व्याकरण दुसऱ्या कुळातील भाषेत कोणत्या वाटेने शिरते, हे मला त्या ओसरीवर कळले आणि पुढे कधी पाठ करावे लागले नाही.

सुट्टीनंतर विभागाच्या चर्चासत्रात मी ही वाक्ये मांडली. त्या वरिष्ठांनी उठून दोन आक्षेप घेतले. एक, ही अशिक्षित लोकांची चुकीची कन्नड आणि चुकीची उर्दू आहे. दोन, परीक्षेत असले काही विचारत नाहीत. पहिल्या आक्षेपाला उत्तर देण्याचीही गरज नाही, कोणतीही बोली चुकीची नसते हे भाषाविज्ञानाच्या पहिल्या तासालाच सांगितलेले असते, आणि तरीही एम.ए.च्या शेवटच्या वर्षातला विद्यार्थी तो घेऊ शकतो याचे मला आजही वाईट वाटते. दुसरा आक्षेप वस्तुस्थितीला धरून नव्हता. भाषासंपर्क, द्वैभाषिकता, दक्षिण आशियाची समान वैशिष्ट्ये हा अभ्यासक्रमाचा भाग आहे आणि त्यावर प्रश्न येतात. पुढे ते वरिष्ठ कुपवाडच्या निबंधाला ‘साठ-सत्तर सालचे जुने संशोधन’ असेही म्हणत असत. जुने आहे, म्हणूनच डेक्कन कॉलेजातील सोनल कुलकर्णी-जोशी यांनी सुमारे चाळीस वर्षांनंतर कुपवाडच्या भाषास्थितीचा पुन्हा अभ्यास केला आणि मूळ मांडणीची चिकित्सा केली. एखाद्या गावाकडे शास्त्र पुन्हा वळते ते तिथे प्रश्न जिवंत असतो म्हणून.

आता तयारीकडे येते. दुसऱ्या, म्हणजे भाषाविज्ञानाच्या, पेपरात 100 प्रश्न आणि 200 गुण असतात, सर्व विषयांना समान असलेल्या पहिल्यात 50 प्रश्न आणि 100 गुण, दोन्ही मिळून तीन तास, आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. हे तुम्हाला ठाऊक असेलच. माझे म्हणणे दुसऱ्या पेपराविषयी आहे. प्रत्येक घटकासाठी स्वतःच्या भाषेतील सामग्रीची एक वही करा आणि सिद्धान्त तिच्यावर चालवून पाहा.

स्वनिमविचार, म्हणजे कोणत्या ध्वनींच्या भेदाने अर्थ बदलतो याचा विचार, घ्या. ‘माझा’ यातील झ दन्त्य, आणि ‘माझी’, ‘माझे’ यांतील झ तालव्य. एवढ्यावरून हे दोन्ही एकाच स्वनिमाचे परिसरबद्ध उच्चार आहेत असे वाटू लागते. मग दुनिया या अर्थाचे ‘जग’ आणि ‘जगणे’चे आज्ञार्थी ‘जग’ मोठ्याने म्हणा. अ-पूर्वी दोन्ही उच्चार येतात आणि अर्थ बदलतो. म्हणजे भेद आहे, पण काही परिसरांत तो लोपतो. ही मांडणी तुम्ही स्वतः कागदावर केलीत की परिपूरक वितरण (दोन उच्चार एकाच परिसरात कधीच न येणे), न्यूनतम युग्म (दोन ‘जग’सारखी एकाच ध्वनीने वेगळी होणारी जोडी) आणि भेदलोप या तिन्हींवरचे प्रश्न तुमच्या हातात येतात. रूपविचारासाठी सामान्यरूपासारखी खाण दुसरी नाही : कापूस-कापसाला, पाऊस-पावसात, फूल-फुलाला, घोडा-घोड्याला. नियम कोणत्या क्रमाने लावावे लागतात ते स्वतः ठरवून पाहा.

वाक्यविचारात तर मराठी माणसाने मागे राहण्याचे कारणच नाही. ‘त्याने भाकरी खाल्ली’ यात ‘ने’ आहे, ‘मी भाकरी खाल्ली’ यात नाही, तरी क्रियापद दोन्हीकडे भाकरीशीच जुळते. ‘तू भाकरी खाल्लीस’ यात ई भाकरीची आणि स तुझा, म्हणजे एकाच क्रियापदावर दोघांची खूण. ‘तिने मुलीला मारले’ म्हटले की ‘ला’ लागल्याबरोबर कर्माशी असलेली जुळणी तुटते आणि नपुंसकलिंगी रूप येते. काळ, पुरुष आणि कर्माचा प्रत्यय यांनुसार विभागलेली एर्गेटिव्ह रचना (जीत क्रियापद कर्त्याऐवजी कर्माशी जुळते) समजावून घेण्यासाठी याहून चांगली चार वाक्ये मला ठाऊक नाहीत, आणि ती तुम्हाला लहानपणापासून येतात.

भाषाकुलांची यादी पाठ करणाऱ्यांनी आधी महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्यावा. मराठी इंडो-आर्य, यवतमाळकडील कोलामी द्राविडी, मेळघाटातील कोरकू ऑस्ट्रो-आशियाई, आणि बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद परिसरातील निहाली, जिचे कोणत्याही कुळाशी नाते सिद्ध झालेले नाही. भारताच्या भाषाकुलांवरील निम्मा घटक एका राज्यात बसतो. तिबेटो-बर्मन तेवढे वेगळे करावे लागते.

पुस्तकांविषयी थोडेच सांगते, कारण तुमच्या विभागाने यादी दिलेली असेल आणि ती बहुधा ठीकच असेल. स्वनविज्ञानासाठी लॅडफोगेड पुरेसे आहेत. मराठीतून ना. गो. कालेलकर वाचाच, संज्ञा मराठीत पक्क्या झाल्या की इंग्रजी पाठ्यपुस्तकाची धास्ती उरत नाही. मराठीच्या इतिहासासाठी झ्यूल ब्लॉक यांच्या ग्रंथाचा वा. गो. परांजपे यांनी केलेला 1941 चा अनुवाद ग्रंथालयात शोधा. मो. के. दामले यांचे 1911 चे व्याकरण परीक्षेसाठी अनिवार्य नाही, पण वहीत उदाहरणे भरताना त्याच्याइतकी मदत दुसरे पुस्तक करत नाही. अ. मा. घाटगे यांची मराठीच्या बोलींची सर्वेक्षणे मिळाली तर आपल्या भागाचा खंड आहे का ते पाहा. इतके काम ज्या भाषेत आणि ज्या भाषेवर झालेले आहे, त्या भाषेच्या विद्यार्थ्याला ‘हा इंग्रजीतला विषय आहे’ असे सांगणे मला अन्यायाचे वाटते, आणि ते वरिष्ठ आता स्वतः वर्ग घेतात व नव्या मुलांना अजून तेच सांगतात, म्हणून हे इतके लांबवून लिहिले.

काही गोष्टी मात्र पाठ कराव्याच लागतात, आणि त्याबाबत त्यांच्या टिपणांचा मला उपयोग झाला हे नमूद केले पाहिजे. जोड्या लावा आणि कालक्रम लावा या प्रकारच्या प्रश्नांना वहीतील उदाहरणे कामी येत नाहीत. सोस्यूर यांच्या व्याख्यानांचा ग्रंथ 1916, चॉम्स्कींचे पहिले पुस्तक 1957 आणि दुसरा टप्पा 1965, फर्ग्युसन यांचा भाषाद्वैतावरील लेख 1959, ग्राइस यांचा संभाषणतत्त्वांवरील लेख 1975, अशी एक सनावळी भिंतीवर लावावीच लागते. तसेच आकारिक अर्थविचार हा घटक केवळ मराठी वाक्यांच्या बळावर सुटत नाही. त्यासाठी तर्कशास्त्राची मूलभूत चिन्हे शिकावी लागतात आणि गणिताची किंवा तत्त्वज्ञानाची पार्श्वभूमी असलेला एखादा सोबती मिळाला तर फार सोपे जाते. ज्यांच्या घरी एकच प्रमाण मराठी बोलली जाते त्यांनी भाषासंपर्कासाठी शेजारपाजारी जावे. मला ते घरात मिळाले, सर्वांना मिळत नाही.

पहिल्या पेपराकडे दुर्लक्ष करू नका. भाषाविज्ञानाचे विद्यार्थी दुसऱ्या पेपरात चांगले गुण मिळवून पहिल्यात अडकताना मी पाहिले आहेत, आणि एकूण गुण दोन्ही पेपर मिळून धरले जातात. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा, आणि जो प्रश्न चुकेल त्याचा घटक त्याच दिवशी वहीत उघडून त्याखाली आपल्या बोलीतले एक उदाहरण लिहा. रोज किती तास द्यावेत हे तुमची नोकरी, घर आणि प्रकृती यांवर ठरेल. त्याचा आकडा मी देत नाही.